फाशी: चौकातली की भिंतीआडची?

नागपुरात वर्धा रोडवर मध्यवर्ती कारागृहाची भिंत लागते. आत फाशीघर आहे. महाराष्ट्रात असं दुसरं येरवड्याला. ३० जुलै २०१५ ला इथे १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांतल्या याकूब मेमनला फाशी झाली. सर्वोच्च न्यायालय भल्या पहाटे बसलं होतं, कारागृहाबाहेर कॅमेऱ्यांची गर्दी होती. आणि दिसलं काय? गेट.

लंडनच्या जुन्या पद्धतीत सगळंच दिसायचं. न्यूगेट तुरुंगातून कैद्याला गाडीत घालून टायबर्नच्या फाशीच्या जागेपर्यंत मिरवत नेत. १७८३ नंतर तो खेळ न्यूगेटच्या दारातच. हेतू धाक बसवण्याचा, पण गर्दीत खिसेकापूंचीच चंगळ! १८४९ साली मॅनिंग दांपत्याची फाशी पाहून चार्ल्स डिकन्सने 'टाइम्स'ला पत्र लिहिलं. चेकाळलेली गर्दी त्याला असह्य झाली होती. मागणी मात्र फाशी रद्द करण्याची नव्हती. भिंतीआड द्या, एवढीच. १८६८ मध्ये तसा कायदा झाला.

लिहिणाऱ्याला चौक सोपा: आवाज, वास, चेहरे आयते मिळतात. भिंतीआड उरतात कागद, सह्या आणि घड्याळ. मला तरी ती शांतता जास्त घाबरवते. चौकात निदान 'हे चूक आहे' असं ओरडायला कुणी तरी असतं.

आपल्याकडे हा हिशेब जरा बिघडतो. गोंड वीर बाबुराव शेडमाके यांना इंग्रजांनी १८५८ मध्ये चांद्याच्या (आजच्या चंद्रपूरच्या) तुरुंगाच्या आवारात फाशी दिली. आवार तुरुंगाचं, तरी तिथल्या पिंपळापाशी लोक दरवर्षी २१ ऑक्टोबरला जमतात.