रायफल-शॉटगन सफाई: 'सगळ्यात चालणारा' किट की वेगळा रॉड?

'सगळ्यात चालणारा' म्हणजे तीन तुकडे जोडून होणाऱ्या रॉडचा किट शॉटगनला पुरतो. रायफलसाठी मात्र घेऊ नका. जोर लावला की रॉड वाकतो, सांध्याची कड नळीतल्या आट्यांना (आतल्या पिळदार खाचांना) घासते. रायफलला एकसंध, कोटिंग केलेला आणि मुठीत बेअरिंग असलेला रॉडच हवा. बेअरिंगमुळे रॉड आट्यांबरोबर फिरतो, नाहीतर ब्रश नुसता सरळ घसटत जातो.

आधी बंदूक रिकामी आहे ना, चेंबरमध्ये (काडतूस बसते त्या जागी) बोट घालून पाहा. बोल्ट (काडतूस आत ढकलणारा सरकता भाग) काढून बोअर गाइड (रॉड सरळ ठेवणारी नळी) बसवा आणि चेंबरकडून नळीच्या तोंडाकडे जा. तोंडाची कड झिजली की नेम बिघडतो. कांस्य ब्रश नळीत अर्ध्यावरून मागे ओढू नका, तारा मोडतात. पूर्ण बाहेर काढूनच मागे ओढा.

पितळी जॅग (रॉडच्या टोकाला चिंधी धरणारा तुकडा) स्वस्त, पण फसवा. गोळीने नळीत सोडलेले तांबे काढणारे सॉल्व्हंट (द्रावक) पितळालाही लागते, चिंधी निळी-हिरवी येत राहते आणि स्वच्छ नळीही मळकी वाटते. निकेलचा मुलामा असलेला जॅग घ्या.

१२ बोअर शॉटगनची नळी साधारण १८.५ मिमी, त्यामुळे ब्रशही त्याच मापाचा लागतो. चोक (नळीच्या तोंडाशी बसणारा, छर्रे किती पसरतील ते ठरवणारा तुकडा) काढून त्याचे आटे वेगळे पुसा. दोरीचा बोअर स्नेक (नळीतून ओढून काढायची सफाईची दोरी) शिकारीच्या जागी उत्तम, पण धुतला नाही तर तोच मळ परत नळीत जातो.