बाहेरून कोरे, आतून सात वर्षांचे : ट्रॅव्हल ट्रेलरच्या टायरखरेदीतील फसवणूक

नवे टायर म्हणून पूर्ण पैसे घेऊन आमच्या ट्रॅव्हल ट्रेलरला जवळजवळ सात वर्षे जुने टायर बसवण्यात आले, आणि त्यांचे वय बाहेरून कोणालाही वाचता येऊ नये अशा रीतीने ते बसवण्यात आले. अमेरिकेत दोन ॲक्सलचा (चाके जोडणाऱ्या दोन आडव्या दांड्यांचा) मोठा ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचे चाकांवरचे घर, बाळगणाऱ्या प्रत्येकावर काही वर्षांनी टायर बदलण्याची वेळ येते. त्या वेळी नेमके कुठे फसवले जाते हे कळावे, म्हणून हा अनुभव तपशिलाने लिहीत आहे. दुकानाचे नाव येथे देत नाही, कारण त्याविरुद्धची तक्रार अद्याप प्रलंबित आहे.

ट्रेलरच्या टायरचे आयुष्य मोटारीच्या टायरसारखे मोजता येत नाही, आणि फसवणुकीचे मूळ याच फरकात आहे. मोटारीचा टायर बहुधा झिजून जातो. नक्षी गुळगुळीत झाली की मालकाला ते डोळ्यांनी दिसते. ट्रेलर मात्र वर्षातील बहुतेक महिने उन्हात उभा असतो, त्यामुळे त्याच्या टायरची नक्षी जवळजवळ नव्यासारखी असतानाच आतले रबर म्हातारे होते. आत कोंडलेल्या हवेतील प्राणवायू रबरात झिरपत राहतो आणि नक्षीखालच्या थरातील पोलादी पट्ट्यांच्या कडांजवळचे रबर हळूहळू ठिसूळ करतो. बाहेरून ओझोन आणि ऊन बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा पाडतात. रबरात मिसळलेले संरक्षक मेण टायर फिरताना पृष्ठभागावर येते, पण उभ्या टायरला ते संरक्षण पुरेसे मिळत नाही. त्यात दोन ॲक्सलचा ट्रेलर अरुंद जागेत वळवताना चाके अक्षरशः आडवी घासली जातात आणि टायरच्या थरांवर जबरदस्त ताण येतो. म्हणूनच ट्रेलरचे टायर नक्षी शिल्लक असली तरी साधारण पाच ते सात वर्षांत बदलावेत, असे जाणकार सांगतात. याचा सरळ अर्थ असा की गोदामात सहा-सात वर्षे पडून राहिलेला, एकदाही न फिरलेला टायर हा नवा टायर नव्हे. त्याचे बहुतेक आयुष्य आपल्याला विकण्यापूर्वीच संपलेले असते.

आमच्या ट्रेलरला एसटी २३५/८०आर१६ या मापाचे, लोड रेंज (भारक्षमतेची श्रेणी) ई चे टायर लागतात. एसटी ही अक्षरे खास ट्रेलरसाठी बनवलेल्या टायरवर असतात. ट्रेलरच्या डाव्या बाजूला पुढच्या भागात लावलेल्या पत्रकावर टायरचे माप, हवेचा दाब आणि प्रत्येक ॲक्सलची भारमर्यादा छापलेली असते. चौकशीला निघण्यापूर्वी मी त्याचे छायाचित्र काढून घेतले होते आणि प्रवासाच्या सामानासह ट्रेलरचे वजनही ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर करून घेतले होते. ॲक्सलांवर मिळून सुमारे ११,००० पाउंड भार होता.

पहिल्या दुकानात मला याच मापाचे, पण लोड रेंज डी चे टायर सुचवण्यात आले. माप तेच, दिसायला तेच, आणि किंमत कमी. विक्रेत्याने गणित करून दाखवले की या टायरची क्षमता ६५ पीएसआय (दर चौरस इंचावर पाउंड, हवेच्या दाबाचे एकक) दाबाला ३,००० पाउंड आहे, चार टायरचे १२,००० पाउंड होतात, म्हणजे आमच्या वजनाला ते पुरून उरतात. हे गणित ऐकायला चोख वाटते, पण ते खोटे आहे, कारण भार चार चाकांवर सारखा कधीच पडत नाही. ज्या बाजूला स्वयंपाकघर, पाण्याची टाकी किंवा बाहेर सरकणारी खोली असते ती बाजू जड होते आणि एखाद्या चाकावर सरासरीपेक्षा कितीतरी अधिक भार येतो. लोड रेंज ई चा त्याच मापाचा टायर ८० पीएसआय दाबाला ३,५२० पाउंड उचलतो. मधला फरक ही चैन नसून तेवढीच काय ती सुरक्षिततेची राखीव जागा असते. ट्रेलरवरच्या पत्रकात लिहिलेल्यापेक्षा कमी क्षमतेचा टायर कोणी सुचवला, तर त्या दुकानातून सरळ बाहेर पडावे. साध्या प्रवासी मोटारीचे टायर सुचवणारेही भेटतात. असा टायर ट्रेलरला लावायचा तर त्याच्यावर छापलेली भारक्षमता १.१० ने भागून धरायची असते, हे त्यांतले कोणी सांगत नाही.

दुसऱ्या दुकानाने मात्र सगळी उत्तरे बरोबर दिली, आणि म्हणूनच त्यांच्यावर विश्वास बसला. माप तेच, लोड रेंज ई, नामवंत कंपनी, ८० पीएसआयसाठी धातूचे व्हॉल्व्ह, चाकांचे संतुलन आणि रस्त्यावरील नुकसानीची हमी हे सर्व त्यांनी अंदाजपत्रकात लिहून दिले. टायर कधी बनले आहेत हे मी स्पष्टपणे विचारले. त्यावर काउंटरवरच्या माणसाने अंदाजपत्रकावर स्वतःच्या हाताने ‘२०२४ उत्पादन’ असे लिहिले. चाके बसवल्यावर मी पाहायला गेलो, तेव्हा टायरच्या बाहेरच्या बाजूला डीओटी (अमेरिकेचे परिवहन खाते) या अक्षरांपुढचा, टायर कुठे व कधी बनला हे सांगणारा कोड अर्धाच होता. विचारल्यावर उत्तर मिळाले की तारखेचा भाग आतल्या बाजूला आहे आणि टायरवरचे रबराचे केस व कागदी चिकटपट्ट्यासुद्धा अजून जागच्या जागी आहेत, यावरून टायर कोरे असल्याचे दिसतेच आहे.

या उत्तरातला प्रत्येक शब्द खरा होता, आणि तरीही ते उत्तर फसवे होते. साच्यातून निघताना टायरवर राहणारे रबराचे बारीक केस टायर रस्त्यावर धावेपर्यंत टिकतात. त्यावरून तो वापरलेला नाही एवढेच सिद्ध होते, तो कधी बनला हे नाही. पूर्ण कोड टायरच्या एकाच बाजूला असणे हेही नियमबाह्य नाही. अनेक टायरवर दुसऱ्या बाजूला त्याचा फक्त पहिला भाग असतो. त्यामुळे टायर रिमवर चढवताना कोणती बाजू बाहेर ठेवायची हे कारागिराच्या हातात असते, आणि चारही टायरची तारखेची बाजू आत गेली तर ती पाहण्यासाठी ग्राहकाला ट्रेलरखाली झोपावे लागते. बाजूच्या भिंती काळ्या चकचकीत द्रवाने पुसलेल्या होत्या, तेही मला तेव्हा स्वच्छतेचे लक्षण वाटावे अशा बेताने. अशा चमकदार द्रवाखाली बारीक भेगा सहज झाकल्या जातात, आणि पेट्रोलियमपासून बनवलेला द्रव असेल तर तो रबरातील संरक्षक द्रव्येही धुऊन काढू शकतो.

महामार्गावर मागच्या ॲक्सलचा एक टायर फुटला. आम्ही ताशी ६० मैलांच्या आसपास होतो. एसटी टायरवर वेगाचे वेगळे चिन्ह नसेल तर ६५ मैल ही त्याची मर्यादा धरतात, आणि ती आम्ही ओलांडलेली नव्हती. हवेचा दाब दाखवणाऱ्या यंत्रावर शेवटच्या क्षणापर्यंत दाब योग्य होता. आधी नक्षीचा वरचा थर पोलादी पट्ट्यांसकट सुटला, त्याचे लांब पट्टे चाकाच्या कमानीत आपटले, पत्रा फाटला, आतल्या विजेच्या तारा तुटल्या आणि मग टायर बसला. दाब कमी पडून तापलेला टायर बहुधा असा जात नाही. त्याच्या बाजूच्या भिंती सहसा आधी खचतात. हे मला रस्त्यावर मदतीला आलेल्या मेकॅनिकने समजावले. चाक उतरवून त्याने आतली बाजू माझ्यापुढे धरली, तेव्हा कोडच्या शेवटी ३११७ असे चार अंक होते. शेवटच्या चार अंकांत पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात. म्हणजे हा टायर २०१७ सालच्या एकतिसाव्या आठवड्यात बनला होता आणि २०२४ च्या वसंत ऋतूत तो मला ‘२०२४ उत्पादन’ म्हणून विकला गेला होता. उरलेल्या तीन टायरवरही २०१७ च्याच तारखा निघाल्या, आणि चारही कोड आतल्या बाजूला होते. एखाददुसरा टायर असा चढला असता तर तो योगायोग मानता आला असता.

त्याच मेकॅनिकने आणखी एक गोष्ट दाखवली, जी मला टायरच्या वयाइतकीच गंभीर वाटते. बिलात धातूचे व्हॉल्व्ह लावल्याचे पैसे होते. प्रत्यक्षात साधे रबरी व्हॉल्व्ह होते आणि त्यांवर चकाकणारी धातूची नळी चढवलेली होती. असे नेहमीचे दाबून बसवायचे रबरी व्हॉल्व्ह ६५ पीएसआयपर्यंतच्या दाबासाठी असतात. ८० पीएसआयसाठी अधिक दाबाचे किंवा नटाने आवळायचे धातूचे व्हॉल्व्ह लागतात. फरक ओळखणे सोपे आहे. धातूच्या व्हॉल्व्हच्या मुळाशी रिमला टेकलेला नट दिसतो, आणि बोटाने वाकवून पाहिले तर तो हलत नाही; नळी चढवलेला रबरी व्हॉल्व्ह मुळाशी वाकतो. दाबाचे सेन्सर व्हॉल्व्हच्या टोकाला बसवले असतील तर त्यांच्या वजनाने रबरी मूळ अधिकच हेलकावते.

दुकानाचे उत्तर मला आधीच कळायला हवे असे ठरलेले होते : भार जास्त असेल, हवा कमी असेल, वेग जास्त असेल. काट्यावरची पावती आणि दाबाच्या यंत्राची नोंद पुढे ठेवल्यावर ते एकदम दुसऱ्या टोकाला गेले आणि म्हणाले की हे आम्ही विकलेले टायर आहेत याला पुरावा काय. बिलावर फक्त माप आणि कंपनी होती, एकाही टायरचा क्रमांक नव्हता. हीच या सगळ्या व्यवहाराची खरी कळ आहे. अमेरिकेतील नियमांनुसार टायर विकताना विक्रेत्याने त्याची उत्पादकाकडे नोंदणी करावी लागते किंवा क्रमांक भरलेला नोंदणीचा फॉर्म ग्राहकाला द्यावा लागतो, म्हणजे एखादी तुकडी सदोष निघून परत बोलावली गेली तर मालकाला कळवता येते. त्या नोंदणीत हाच डीओटी कोड लिहावा लागतो. आम्हाला फॉर्म दिला गेला नाही, ‘आम्ही ऑनलाइन करतो’ असे सांगितले गेले, आणि उत्पादकाकडे विचारल्यावर आमच्या नावावर एकही टायर नोंदलेला नसल्याचे कळले. जो विक्रेता तारीख लपवतो, तो नोंदणी करणार नाही, कारण नोंदणी म्हणजे तारखेची लेखी कबुली.

आमच्या हातात शेवटी उपयोगी पडला तो हस्ताक्षरातला एकच शब्दप्रयोग. ‘२०२४ उत्पादन’ लिहिलेले अंदाजपत्रक, त्यावर असलेला तोच बिल क्रमांक, टायरच्या आतल्या बाजूंची रस्त्यावर काढलेली छायाचित्रे आणि मेकॅनिकचा लेखी अहवाल यांच्या आधारे क्रेडिट कार्डाच्या कंपनीने टायरची आणि व्हॉल्व्हची रक्कम परत केली. ट्रेलरच्या दुरुस्तीचा खर्च त्यात बसला नाही. राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या (मुख्य कायदा अधिकाऱ्याच्या) ग्राहक विभागाकडे तक्रार दिली आहे. टायरच्या सुरक्षिततेबाबतची तक्रार महामार्ग सुरक्षेच्या राष्ट्रीय संस्थेकडे, म्हणजे एनएचटीएसएकडेही नोंदवली आहे. टायर परत बोलावले गेले आहेत का, हेही त्या संस्थेच्या शोधसुविधेत पाहता येते. फुटलेला टायर आणि उरलेले तिन्ही टायर मी फेकले नाहीत. टायर बदलताना जुने टायर विल्हेवाटीसाठी दुकानात सोडण्याची पद्धत आहे, आणि वाद असेल तेव्हा ती पद्धत पाळली तर पुरावाच दुकानाच्या ताब्यात जातो.

त्यानंतर नवे टायर घेताना मी व्यवहाराचा क्रम उलटा केला. टायर रिमवर चढण्यापूर्वी, जमिनीवर पडलेले असतानाच, दोन्ही बाजू पाहू देणार का, हा पहिला प्रश्न विचारला. ज्यांनी विम्याचे कारण सांगून नकार दिला, त्यांना मी टायर काउंटरपर्यंत आणून दाखवण्याची विनंती केली आणि त्यालाही नकार आल्यावर तेथे खरेदी केली नाही. ज्या दुकानाने होकार दिला त्यांनी प्रत्येक टायरचा पूर्ण कोड बिलावर लिहिला आणि मी सांगितल्याप्रमाणे कोडची बाजू बाहेर ठेवून टायर चढवले. त्याला एक मिनिटही अधिक लागले नाही. रिमवर कोरलेली भार आणि दाबाची मर्यादाही त्यांनी स्वतःहून तपासली, कारण टायर ८० पीएसआयचा आणि रिम त्याहून कमी दाबाची असेल तर चांगला टायरही उपयोगाचा नाही. स्टेपनीचा कोड वाचला तेव्हा तीही बदलायच्या वयाची निघाली. ती ट्रेलरबरोबरच आलेली होती आणि मागे झाकणाखाली असल्याने कोणाच्या नजरेत येत नव्हती. चाकांचे नट पहिल्या ५० मैलांनंतर ठरलेल्या ताकदीने पुन्हा आवळावेत, हेही त्यांनी बिलावरच लिहून दिले.