विंचू की कोळी? विषाच्या कामासाठी जनावर निवडताना

प्रबंधाचा विषय ठरवायची वेळ आली की दरवर्षी दोघं-तिघं तरी विचारतात, "सर, विषावरच काम करायचंय. विंचू घेऊ की टॅरँटुला?" गोम आहे, गांधीलमाशी आहे, पण गाडी शेवटी बहुधा विंचू आणि टॅरँटुला, म्हणजे तो मोठा केसाळ कोळी, या दोघांपाशीच येऊन थांबते. मी दोन्ही हाताळले आणि एकापाशी राहिलो. माझं गणित तुम्हाला लागू पडेलच असं नाही, तरी सांगतो.

आधी कोळ्याची बाजू, कारण ती खरंच भक्कम आहे. कोळ्यांच्या पन्नास हजारांहून जास्त जाती नोंदल्या गेल्यात, विंचवांच्या जेमतेम तीन हजार. म्हणजे कुणी हात न लावलेलं विष मिळण्याची शक्यता कोळ्यात कितीतरी जास्त. शिवाय त्यांच्या बहुतेक विषारी पेप्टाइडांना, म्हणजे छोट्या प्रथिनांना, एक गाठ असते. दोन डायसल्फाइड बंधांचं (गंधकाच्या दोन अणूंमधल्या जोडांचं) कडं आणि त्यातून ओवलेला तिसरा. ही गाठ उष्णतेला, आम्लाला, एन्झाइमांना सहसा दाद देत नाही, म्हणून औषधवाल्यांचा आणि कीटकनाशकवाल्यांचा तिच्यावर डोळा. ऑस्ट्रेलियातल्या फनेल-वेब कोळ्याच्या विषातलं एचआय-वन-ए हे पेप्टाइड पक्षाघातानंतर मेंदूच्या पेशी वाचवू शकेल का, यावर क्वीन्सलँडमध्ये बरंच काम झालंय.

उत्क्रांतीत रस असेल तर कोळ्याचं पारडं आणखी जड होतं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या कार्तिक सुनगर यांच्या गटाने २०२३ मध्ये दाखवलं, की कोळ्यांच्या या गाठवाल्या विषांची घराणी सुमारे ३७.५ कोटी वर्षांपूर्वीच्या एकाच मूळ साच्यातून फुटली असावीत. त्या साच्याला त्यांनी नाव दिलं 'आदिशक्ती'. त्याच कामात ७८ नवी घराणी सापडली. इतर विषारी प्राणी इकडून तिकडून प्रथिनं गोळा करून विष बनवतात, कोळ्यांनी मात्र एकाच गाठीवर एवढा संसार उभा केला. वाचल्यावर मला दोन दिवस हेवा वाटत होता.

विंचवाकडे अशी देखणी एकसंध गोष्ट नाही. त्याच्या पोटॅशियम चॅनल (पेशीत पोटॅशियमची ये-जा करू देणारं दार) अडवणाऱ्या विषांचा सांगाडा डिफेन्सिनशी मिळताजुळता आहे, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या प्रथिनांशी. २०१४ मध्ये एका कीटकाच्या डिफेन्सिनमधला छोटासा वेढा कापून त्याचं चक्क चॅनल अडवणारं विष करून दाखवलं गेलं. एम.एस्सी.च्या पोराला सेमिनारला एवढं पुरतं.

आपल्याकडे मात्र विंचवाचं वजन वेगळं आहे. कोकणातला लाल विंचू हा काही केवळ पुस्तकातला प्राणी नव्हे. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी त्याच्या दंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरलं, आणि 'विंचू चावला म्हणजे पोर गेलं' हे समीकरण बदललं. याच विंचवाच्या विषातलं ३७ अमिनो आम्लांचं आयबेरियोटॉक्सिन जगभरच्या प्रयोगशाळा बाटलीतून विकत घेऊन वापरतात, बीके जातीचं पोटॅशियम चॅनल बंद करायला. एक सावधगिरी: संदर्भ शोधताना या विंचवाची तिन्ही शास्त्रीय नावं टाका, ब्युथस, मेसोब्युथस आणि आताचं हॉटेन्टॉटा. मी पहिले सहा महिने एकाच नावाने शोधत बसलो होतो.

जनावर मिळवण्याच्या बाबतीत फार बोलत नाही. विंचवासाठी अमावास्येच्या आसपास कातळसड्यावर ३६५ नॅनोमीटरचा टॉर्च घेऊन फिरलं की जांभ्याच्या फटीतून हिरवे-निळे चमकणारे ठिपके दिसतात. टॅरँटुलासाठी झाडांच्या ढोल्या आणि दरडीतली बिळं धुंडाळावी लागतात. त्यातून आपल्या घाटातले पोइसिलोथेरिया, म्हणजे झाडांवरचे टॅरँटुला, २०१९ पासून साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीत आहेत, त्यामुळे कागदपत्रांना लागेल तो वेळ तुमच्या प्रबंधाच्या दोन वर्षांतून वजा करा. परवानगीचा अर्ज विंचवालाही आधी टाकाच.

आता ज्या कटकटीने माझा निकाल लावला, तिच्याकडे येतो.

टॅरँटुलाचं मिल्किंग करायचं, म्हणजे जिवंतपणी विष काढायचं, तर तिला कार्बन डायऑक्साइडने जरा गुंगवायचं, सुळे छोट्या कुपीवर ताणलेल्या पॅराफिल्ममधून (मेणचट पातळ पडद्यातून) आत घालायचे आणि सुळ्यांच्या मुळाशी विजेचा हलका झटका द्यायचा. थेंब येतो, छान नितळ. आणि बऱ्याचदा त्याच्या मागोमाग सुळ्यांच्या मधून, तोंडातून, चहाच्या गाळासारखं तपकिरी पाणी पाझरतं. ते पाचकरस असतात. कोळी शिकार शरीराबाहेरच पचवतो, म्हणजे त्या पाण्यात प्रथिनं तोडणारी एन्झाइमं ठासून भरलेली. एक ओघळ कुपीत उतरला की तुमचा नमुना स्वतःलाच खायला लागतो. माझ्या पहिल्या तीन आठवड्यांच्या नमुन्यांचं जेल लावलं (त्यात प्रथिनं आकारानुसार वेगवेगळ्या पट्ट्यांत सुटी होतात) तेव्हा पट्ट्यांच्या जागी खालपर्यंत ओघळलेला डाग होता, भिंतीवर पावसाचं पाणी उतरतं तसा. मार्गदर्शकांनी जेल दिव्यासमोर धरलं आणि विचारलं, "हे विष आहे की तिचं जेवण?"

मग मी तोंडापाशी बारीक पिपेट धरून ते पाणी ओढून घ्यायला शिकलो, झटका कमी केला, थोडं जमूही लागलं. तेवढ्यात मादीने खाणं सोडलं, रंग काळवंडला, आणि एका सकाळी ती उताणी पडलेली दिसली. मेली वाटून पोटात गोळा आला. ती कात टाकत होती! टॅरँटुलाच्या माद्या वयात आल्यावरही कात टाकत राहतात. आधीचे काही आठवडे आणि नंतर सुळे कडक होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. माझे जवळपास दोन महिने गेले.

विंचू वयात आला की कात टाकणं संपतं. आणि मुख्य म्हणजे त्याची नांगी शेपटीच्या टोकाला. चिमट्यात शेपूट धरायची, मिठाच्या पाण्याने ओलं केलेलं इलेक्ट्रोड नांगीच्या सांध्याला टेकवायचं, थेंब केशनळीत. तोंडाकडून काय गळतंय याच्याशी तुम्हाला देणंघेणं नाही, ते दुसऱ्या टोकाला आहे. कोळ्याचा सुळा म्हणजे मुखांग, गोमेचा डंख म्हणजे बदललेला पाय, गांधीलमाशीची नांगी म्हणजे मूळची अंडी घालायची नळी. वाचताना हा उत्क्रांतीचा धडा वाटतो. टेबलावर बसलं की तोच नमुन्याच्या शुद्धतेचा प्रश्न होतो.

विंचवातही खोड्या आहेत, नाही कशाला म्हणू. पहिला थेंब पारदर्शक आणि पुढचे दुधाळ येऊ शकतात. आफ्रिकेतल्या एका विंचवात तर या पहिल्या थेंबात पोटॅशियमच फार आणि प्रथिनं कमी, असं २००३ मध्ये दिसलं होतं. तेव्हा दोन्ही एकत्र करायचे की वेगळे ठेवायचे, हे पहिल्याच दिवशी ठरवा. कोकणातल्या आणि घाटावरच्या कोरड्या भागातल्या लाल विंचवांची विषं सारखी निघत नाहीत, म्हणून डब्यावर गावाचं नाव हवंच. एका डब्यात दोन ठेवले तर सकाळी एकच जाड विंचू सापडतो. आणि लाल विंचू एकट्याने हाताळू नये. जवळच्या दवाखान्यात प्राझोसिन आहे का, हे सड्यावर जायच्या आधी विचारून ठेवायचं.

तुमचं काम फक्त विषग्रंथीतला आरएनए, म्हणजे विष बनवायच्या सूचनांची प्रत, वाचण्याचं असेल, तर माझी तक्रार जवळजवळ बाद होते. मग कोळी घ्या, त्या आदिशक्तीच्या घराण्यात अजून पुष्कळ जागा आहे. सफाईदार हाताच्या माणसाला पाचकरसाचा त्रास होतही नसेल, माझा हात तसा नाही. पण खरं विष नळीत हवं असेल, हातात दोन वर्षं असतील आणि जेल एकदाच लावायचा उत्साह असेल, तर मी आपला विंचवाकडे बोट दाखवीन.

ती मादी अजून खोलीत खिडकीशी आहे. परवा पुन्हा खाणं सोडलंय तिने. या खेपेला माझं काही अडलेलं नाही.