फोमचं की फुगणारं? कयाकवरून मोठ्या माशामागे जाताना कोणतं लाइफ जॅकेट

मोठा मासा कयाक ओढत घेऊन जातो, तेव्हा खरं तर फारसा धोका नसतो. ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, नीट लावलेला असेल आणि मासा नाळेच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, दिशेने ओढत असेल, तर कयाकच त्याला दमवते. आपण बसून राहायचं. घोटाळा होतो तो मासा दमून बाजूला आल्यावर. आठ-दहा किलोचा कोकर मासा उजव्या हाताला पाण्यात, आपणही उजवीकडेच वाकलेलो, एका हातात रॉड, दुसऱ्यात ग्रिपर (माशाचा जबडा धरायची पकड), आणि नेमका तेव्हाच तो शेवटचा झटका देऊन कयाकखाली घुसतो. माझ्या ओळखीत जे जे पाण्यात पडले ते याच घडीला पडले. मीही त्यातलाच.

त्यामुळे लाइफ जॅकेट निवडताना मी दोनच गोष्टी बघतो. त्या घडीला ते अंगावर असेल का? आणि पडल्यावर कयाकवर परत चढताना ते आडवं तर येणार नाही ना? बाकी मापं आणि प्रमाणपत्रं लेबलवर छापलेली असतात, ती तुम्ही वाचालच. मी दोन्ही प्रकार वापरलेत, आधी फुगणारं आणि नंतर फोमचं. माझं पाणी म्हणजे मुख्यतः मालवणजवळच्या देवबागचं. कर्ली नदीचं मुख, पलीकडे भोगवे, आणि बाहेर वारा असला की नदीतच आत, तांबोशी माशाच्या मागे. तुमचं पाणी वेगळं असेल तर माझ्या मताला तेवढी सूट द्या.

फुगणाऱ्याची बाजू आधी मांडतो, कारण मी स्वतः आधी तेच घेतलं होतं आणि ते काही मूर्खपणाने घेतलं नव्हतं. परदेशी कयाकवाल्यांचा सल्ला वाचला की त्यात निम्मं थंड पाण्याबद्दल असतं. आपल्याकडे समुद्र बारा महिने कोमट, आपला शत्रू उकाडा. ऑक्टोबरात सकाळी साडेनऊला फोमच्या जॅकेटमध्ये पॉपर (पाण्यावर आवाज करणारं नकली आमिष) फेकत बसा, अर्ध्या तासात ते काढून मागच्या खणात टाकावंसं वाटतं. आणि काढून ठेवलेलं जॅकेट बुडणाऱ्याच्या काय कामाचं? फुगणारं गळ्यातल्या पट्ट्याएवढं. अंगावर आहे हे विसरायला होतं, हात मोकळे, फेक लांब जाते. शिवाय फुगल्यावर त्याचं बळ मोठं. फोमचं कयाकवालं जॅकेट बहुधा 50 न्यूटनचं असतं, म्हणजे साधारण पाच किलोचं उचलबळ. ते पोहता येणाऱ्याला आधार देतं, पण शुद्ध हरपलेल्या माणसाला उताणं करेल याची खात्री नाही. 150 न्यूटनचं फुगणारं बऱ्याच अंशी ते काम करतं. डोकं कयाकवर आपटून पडण्याची भीती ज्याला जास्त वाटते, त्याने हा मुद्दा हलका घेऊ नये.

हे सगळं कागदावर मला इतकं पटलं होतं की फोमवाल्याच्या तिप्पट पैसे मोजले.

पहिल्या हंगामात काही तक्रार नव्हती. दुसऱ्या वर्षी नोव्हेंबरात ओहोटी लागत असताना मुखातून बाहेर पडलो. ओहोटीचं पाणी आणि समोरून येणारी लाट एकमेकांना भिडतात तिथे उभ्या लाटा उठतात, त्यात तासभर अंगावर शिंतोडे घेतले. ही माझीच चूक. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे किनाऱ्यावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, आणि मी मात्र फोनमधलं अ‍ॅप बघून निघालो होतो. खडकाजवळ कोकर लागला. दोन धावा झाल्या, मासा वर येऊ लागला, मी रॉडचा दांडा पोटाशी टेकवला, आणि छातीवर फस्स!

आपोआप फुगणाऱ्या साध्या जॅकेटमध्ये पाण्यात विरघळणारी एक गोळी असते. ती विरघळली की स्प्रिंग सुटते, सुई सिलिंडरला भोक पाडते आणि गॅस भरतो. गोळीला आपण पडलोय की नुसते भिजलोय हे कळत नाही. शिंतोडे पुरेसे झाले की तिच्या दृष्टीने आपण बुडालो. (पाण्याच्या दाबावर चालणारी जॅकेटं असतात, ती शिंतोड्यांना फसत नाहीत, पण किंमत आणखी वर जाते.) पुढची दोन-तीन मिनिटं मी फुगलेल्या बेडकासारखा बसलो होतो. हनुवटी वर, रील दिसेना, रॉडचा दांडा टेकवायला जागा नाही, वाकायला जावं तर फुगा मधे. कोकर खडकात गेला आणि लीडर, म्हणजे गळाजवळचा जाड दोर, कापून मोकळा झाला. किनाऱ्याला लागल्यावर रापणीवरचे एक काका माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "काय रे, फुगो घेऊन जत्रेक चललंस?"

मासा गेल्याचं दुःख चार दिवसांत सरलं. डोक्यात राहिलं ते वेगळंच. या अवस्थेत पाण्यात पडलो असतो तर चढलो असतो का? पुढच्या रविवारी नदीत, कमरेच्या थोड्या वर पाण्यात, मेहुण्याला जवळ उभं करून चढून पाहिलं. कयाकवर परत चढायचं तर पाय मागे पृष्ठभागावर आणून लाथा मारायच्या आणि पोटावर सरपटत आडवं वर यायचं. पोटावर! आणि पोट-छातीवर तर हा भलामोठा फुगा. तीन वेळा प्रयत्न केला, तिन्ही वेळा कयाक माझ्यावर कलली. शेवटी तोंडाने फुंकायच्या नळीची झडप दाबून निम्मी हवा सोडली तेव्हा जमलं. शांत नदीत, बाजूला माणूस असताना जमलं.

तरीही मी ते सोडलं नाही. पैसे घातले होते ना. सोडायला लावलं ते याहून फुटकळ गोष्टीने.

एकदा फुगलं की नवा सिलिंडर आणि नवी गोळी लागते. मी मागवली. विक्रेत्याने कळवलं, दाबाखालचा गॅस आहे, विमानाच्या पार्सलने जाणार नाही, रस्त्याने पाठवतो. रस्त्याने म्हणजे कधी, तर "बघतो". तीन आठवडे गेले. नोव्हेंबर-डिसेंबरचे तीन आठवडे, सकाळी पाणी आरशासारखं. त्यातल्या दोन सकाळी मी रिकामं जॅकेट गळ्यात घालून गेलो. म्हणजे कशासाठी? घरातून निघताना बायकोला दिसावं म्हणून. तोंडाने फुंकता येतं हे खरं, पण पाण्यात पडून खोकत असताना फुंकून बघा. दुसऱ्या सकाळी जमिनीकडून येणारा मतलई वारा जरा जास्त होता आणि मला समुद्राकडे ढकलत होता. वल्हं मारताना स्वतःच्या छातीकडे बघून मला पहिल्यांदा लाज वाटली.

सिलिंडर आला, बसवला. मग जुलैत एका रात्री दोन वाजता कपाटात फस्स. बायकोला वाटलं साप. पावसाळ्यात कोकणातल्या कपाटात काय कोरडं राहतं? गोळी हवेतल्या ओलीनेच मऊ पडली होती. म्हणजे पुन्हा पार्सल, पुन्हा "बघतो".

गोळी काढून टाकून नुसतं दोरी ओढून फुगवायचं ठेवता येतं, आणि कयाकसाठी बरेच जण तेच सुचवतात. अर्धा हंगाम मी तसं वापरलं. खोट्या फस्सचा प्रश्न सुटला. पण दोरी ओढायला एक हात मोकळा आणि डोकं ठिकाणावर लागतं. मोठा मासा बाजूला असताना माझे दोन्ही नसतात. एकदा लँडिंग नेटचा दांडा त्या दोरीतच अडकला होता, थोडक्यात वाचलं. आणि निघण्याआधीचा सोपस्कार चालूच. सिलिंडर घट्ट आहे ना, खाऱ्या हवेने गंजला नाही ना. तो मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलायचो, कारण भरलेल्या सिलिंडरचं वजन त्याच्यावर कोरलेलं असतं आणि ते कमी भरलं तर समजायचं गॅस गळतोय. फुगा तोंडाने फुगवून रात्रभर ठेवायचा, सकाळी मऊ पडला तर कुठेतरी भोक. भोक पडणं आपल्या धंद्यात अवघड नाही, सगळीकडे तीन तोंडांच्या गऱ्या.

फोमला हे काहीच नाही. ते भरलेलं आहे की रिकामं असा प्रश्नच येत नाही. माझ्या आताच्या जॅकेटच्या डाव्या छातीवर एक ओरखडा आहे. एका सुरमईने बाजूला येऊन डोकं झटकलं, ल्यूर (नकली आमिष) तिच्या तोंडातून सुटला आणि थेट छातीत येऊन रुतला. पकडीने काढला, पुढचा मासा लावला. फुगणारं असतं तर घरी जाऊन रात्रभराची परीक्षा आली असती, आणि अंगात काही नसतं तर दवाखाना.

पण फोम म्हणजे पर्यटकांना बनाना राइडला देतात ते नारिंगी ठोकळे नव्हेत. ते घेणार असाल तर फुगणारंच घ्या, मी वाद घालणार नाही. त्या ठोकळ्याची पाठ जाड असते, सीटला टेकलं की माणूस पुढे ढकलला जातो, आणि पाण्यात पडलं की जॅकेट कानापर्यंत वर सरकतं. कयाकवरून मासेमारीसाठी वेगळं मिळतं. पाठीत फोम वरच्या अंगाला, खाली सीटच्या जागी नुसती जाळी, आणि खांदे मोकळे. गरम होतंच, खोटं कशाला बोलू. मी तासाभराने टोपी भिजवून डोक्यावर घालतो आणि समुद्राकडून येणारा खारा वारा उठायच्या आत परततो. तो वारा चढला की कयाकवाल्याने पाण्यात असूच नये, म्हणजे दुपारचा उकाडा असाही आपल्या वाट्याला फारसा येत नाही. घामाचा आणि बांगड्याच्या चाऱ्याचा वास मात्र जात नाही. ते जॅकेट आमच्या घरात येत नाही, पडवीतच टांगलेलं असतं. पावसात वाळायला दोन दिवस लागतात आणि काळे ठिपके पडतात.

त्याच्या खिशांनी माझा एकदा घात केलाय, तो सांगायला हवा. नवीन जॅकेटचे खिसे बघून मी त्यात पकड, लीडरची रिळं, ल्यूरची डबी असं सगळं कोंबलं होतं. तांबोशीला उचलताना पडलो. चढताना ती डबी कयाकच्या काठाला अडकली, आणि वर येऊन पुन्हा खाली गेलो. दुसऱ्या खेपेला चढलो, कारण कुठलाही फुगा न सोडता, दोरी न शोधता पाण्यावर तरंगत थोडा दम खाता आला. आता छातीवर दोनच वस्तू. डाव्या बाजूला बोथट टोकाची सुरी, दोर पायात किंवा मनगटात अडकला तर कापायला, आणि शिट्टी. फोन जलरोधक पिशवीत, त्यात तटरक्षक दलाचा 1554 साठवलेला. बाकी सगळं मागच्या खणात.

तुम्ही धरणाच्या शांत पाण्यात जात असाल, पोहणं पक्कं असेल, आणि जॅकेट सांभाळायची शिस्त माझ्यापेक्षा बरी असेल, तर दोरीवालं फुगणारं तुम्हाला कदाचित सुखाचं पडेल. मोठ्या होडीतून गरवायला जाणाऱ्यांना तर नक्कीच, तिथे वर ओढून घ्यायला माणसं असतात. माझं जुनं मी मेहुण्याला दिलं, तो होडीनेच जातो. सोबत दोन जादा सिलिंडर दिले आणि जॅकेट कपाटात ठेवू नकोस म्हणून सांगितलं.

फोमचं घ्यायला दुकानात गेलात तर उभ्याने घालून बघू नका. खुर्चीत बसा, पाय लांब करा, पट्टे आवळा आणि दुकानदाराला खांद्याचे दोन्ही पट्टे धरून वर ओढायला सांगा. हनुवटीला लागलं तर दुसरं काढायला लावा. तो कुरकुरेल, माझ्यावरही कुरकुरला होता. चौथं बसलं.