खाल्लेले गोल उलटे बघताना: किनोव्हिया आणि एक मोबाइल, पावसाळाभराच्या वापरानंतर

सतरा वर्षांखालच्या मुलांच्या फुटबॉल संघाला मी नाशिकमध्ये शिकवतो. या पावसाळ्यापासून आमचे सामने मोबाइलवर पूर्ण रेकॉर्ड करायला लागलो आणि घरी लॅपटॉपवर किनोव्हिया या सॉफ्टवेअरमध्ये आम्ही खाल्लेले, म्हणजे आमच्यावर झालेले, गोल तेवढे उघडून बसायला लागलो. आता थंडी पडलीय, अनुभव लिहिण्याइतका वापर झालाय. किनोव्हिया फुकट आहे, ओपन सोर्स आहे आणि विंडोजवर चालतं. जुन्या लॅपटॉपवरही अडत नाही. व्हिडिओ अ‍ॅनालिस्ट ठेवणं ज्यांच्या आवाक्यात नाही, पण प्रत्येक सामन्यानंतर ‘डिफेन्स झोपला होता’ एवढंच बोलून घरी जायचं नाही, अशा प्रशिक्षकांसाठी हे लिहितोय.

आधी निकाल सांगतो: जरूर वापरा. पण सगळा फायदा सॉफ्टवेअरचा नाही. निम्म्याहून जास्त फायदा गोल कसा बघायचा हे ठरवण्यात आहे.

किनोव्हिया मुळात खेळाडूच्या हालचालीचा अभ्यास करण्यासाठी आहे. धावणं, उडी, गोलंदाजीची अ‍ॅक्शन असं काहीही त्यात बघता येतं. अकरा विरुद्ध अकराचा पूर्ण सामना आपोआप कापून, खेळाडूंची नावं लावून देणारं ते साधन नाही, ती अपेक्षा ठेवू नका. पण एक-एक फ्रेम पुढे-मागे नेणं, वेग कमी करणं, हवी ती फ्रेम थांबवून तिच्यावर बाण, रेषा, वर्तुळ काढणं आणि त्या थांब्यांसकट व्हिडिओ सेव्ह करणं हे सगळं त्यात छान होतं. खाल्लेल्या गोलासाठी एवढंच लागतं.

मोबाइल कुठे ठेवायचा हा प्रश्न सॉफ्टवेअरपेक्षा मोठा आहे. टचलाईनवर (मैदानाच्या कडेच्या रेषेवर) जमिनीच्या उंचीवरून घेतलेल्या व्हिडिओत स्टॉपर (मधला बचावपटू) आणि त्याच्या मागचा फॉरवर्ड एकावर एक दिसतात, दोघांतलं अंतर कळतच नाही. उंची पाहिजे. जिथे पायऱ्या असतील तिथे सगळ्यात वरची पायरी, नाहीतर शेजारच्या इमारतीची गच्ची, अर्थात विचारून. सातपूरकडच्या एका मैदानाजवळ आम्हाला गच्ची मिळते, तिथले व्हिडिओ सगळ्यात कामाचे. दुपारनंतरचा सामना असेल तर स्टँड पश्चिमेच्या बाजूला लावा, म्हणजे ऊन कॅमेऱ्यात घुसत नाही. पावसात मोबाइलला प्लास्टिकची पिशवी लावतोच, पण स्टँडच्या पायाला वाळूची पिशवी बांधणं त्याहून महत्त्वाचं, कारण वाऱ्याने हलणारं चित्र फ्रेमवर थांबवलं की काही उपयोगाचं राहत नाही. आणि मुलं अल्पवयीन आहेत, म्हणून पालकांची परवानगी आधी घ्यावी. आमचे व्हिडिओ संघाच्या बाहेर जात नाहीत.

आता मूळ मुद्दा. गोल बघायची आमची पद्धत उलटी आहे. चेंडू जाळीत गेलेल्या फ्रेमपासून सुरुवात करायची आणि मागे जात राहायचं. आपल्या संघाची रचना शाबूत होती अशी शेवटची फ्रेम सापडेपर्यंत थांबायचं नाही. ती फ्रेम आणि तिच्या पुढची फ्रेम, या दोघांच्या मध्ये चूक असते. पुढचं सगळं बहुतेक वेळा तिचा परिणाम असतो.

एक गोल सविस्तर सांगतो. समोरच्या संघाच्या विंगरने उजवीकडून क्रॉस टाकला (कडेवरून गोलसमोर चेंडू दिला), सेकंड पोस्टला, म्हणजे गोलच्या लांबच्या खांबापाशी, त्यांचा फॉरवर्ड एकटा उभा होता, हेडर, गोल. मैदानावर सगळ्यांनी आमच्या राईट बॅककडे बघितलं. तो बिचारा ‘सर, माझ्याकडे दोन होते’ म्हणत राहिला. घरी मागे नेत गेलो. क्रॉस सुटला तेव्हा राईट बॅककडे खरोखर दोन माणसं होती, एक समोर, एक पाठीमागे. दोन का? कारण एक स्टॉपर बॉक्स (गोलसमोरचा आखलेला पेनल्टीचा चौकोन) सोडून क्रॉस टाकणाऱ्यावर गेला होता आणि दुसरा त्याची जागा भरायला सरकला होता. स्टॉपर का गेला? कारण तिथे असायला हवा तो लेफ्ट बॅक अजून धावत परत येत होता. तो वर का होता? कारण काही सेकंद आधी थ्रो-इन (कडेबाहेर गेलेला चेंडू हाताने आत टाकणं) आमचाच होता, त्यांच्या हाफमध्ये, आणि तो घ्यायला लेफ्ट बॅकच गेला होता. त्यात गैर काही नाही. पण त्या फ्रेममध्ये आमचा मिडफिल्डर, ज्याने अशा वेळी मागे राहायचं, तोही थ्रो घेणाऱ्याच्या जवळ चेंडू मागत उभा होता. चेंडू गमावला, दोन पासमध्ये समोरचा संघ आमच्या बॉक्सपाशी. राईट बॅकची चूक शोधायचीच म्हटलं तर त्याचं अंग फक्त चेंडूकडे होतं, मागचा माणूस त्याला दिसतच नव्हता. ती सुधारायची चूक आहे. पण गोल थ्रो-इनवर झाला.

नाशिककरांना हे लगेच पटेल. गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीला पाणी लागलं की आपण रामकुंडावर पूर बघायला जातो, पण पाणी गंगापूर धरणातून केव्हाच सुटलेलं असतं.

हीच गोष्ट मुलांना मोठ्या सामन्यात दाखवायची म्हणून मी २०१८ च्या विश्वचषकातला बेल्जियम-जपान सामना वापरतो. जपान दोन गोलांनी पुढे होता, बेल्जियमने बरोबरी साधली आणि इंज्युरी टाइममध्ये (नव्वद मिनिटांनंतर भरून दिलेल्या वेळेत) कॉर्नर मिळाला तो जपानलाच. बेल्जियमचा गोलकीपर कूर्त्वाने चेंडू हवेत पकडला, डी ब्रॉयनेकडे सरकवला, तो मधून सुसाट निघाला, उजवीकडे मुनिएला पास, त्याचा जमिनीलगतचा क्रॉस, लुकाकूने चेंडू सोडून दिला आणि मागून आलेल्या शाद्लीने गोल केला. जेमतेम दहा सेकंदांत जपान स्पर्धेबाहेर. शेवटची फ्रेम बघितली तर शाद्लीला कोणी सोडलं असा प्रश्न पडतो. पहिली फ्रेम बघितली तर दिसतं की विजयाच्या ओढीने जपानची बरीच माणसं कॉर्नरसाठी पुढे गेली होती आणि डी ब्रॉयनेची पहिली धाव अडवायला समोर कुणी नव्हतं. आमच्या लेफ्ट मिडने हे बघून विचारलं, ‘मग कॉर्नरला जायचंच नाही का?’ जायचं. पण मागे किती आणि कोण, हे कॉर्नर घेण्याआधी ठरलेलं पाहिजे. आता आमच्याकडे दोन स्टॉपर आणि एक मिडफिल्डर मागे राहतात, आणि समोरच्या संघाचा पुढचा फॉरवर्ड कोणी सांभाळायचा हे मोठ्याने बोललं जातं.

दुसरी एक चूक आमच्या व्हिडिओंत वारंवार दिसली: गोल खाल्ल्यावर लगेच पुढची मिनिटं. २०१४ च्या विश्वचषकात बेलो होरिझोंतेत जर्मनीने ब्राझीलवर २३ व्या ते २९ व्या मिनिटात चार गोल केले. त्यातला जर्मनीच्या क्रूसचा दुसरा गोल मी मुलांना आवर्जून दाखवतो. ब्राझीलने किक-ऑफ घेतला, फर्नांदिन्योकडून चेंडू हिसकावला गेला आणि लगेच गोल. ब्राझीलचे थिआगो सिल्व्हा निलंबनामुळे आणि नेमार दुखापतीमुळे त्या सामन्यात नव्हते, हे खरं. पण त्या फ्रेममध्ये दिसतं ते वेगळं आहे. जो तो आपापला गोल भरून काढायला निघाला होता आणि मधली अंतरं वाढत चालली होती. आमच्याकडे पहिला गोल खाल्ला की स्टॉपर रागाने पुढे सरकायचा. आता नियम असा की गोलनंतर कॅप्टन सगळ्यांना आवाज देतो आणि पहिला पास गोलकीपरपर्यंत मागे जातो.

सेट पीसबद्दल, म्हणजे कॉर्नर, फ्री किक अशा थांबलेल्या चेंडूबद्दल, थोडक्यात. मे २०१९ मध्ये अ‍ॅनफिल्ड या लिव्हरपूलच्या मैदानावर त्यांच्या चौथ्या गोलच्या वेळी बार्सिलोनाचे खेळाडू चेंडूकडे पाठ करून होते, अलेक्झांडर-अर्नोल्डने कॉर्नर पटकन घेतला आणि ओरिगी मोकळा होता. चेंडू बाहेर गेला म्हणजे खेळ थांबला असं नाही, हे सांगायला एवढी एक क्लिप पुरते.

मोजमापाची सोय ही किनोव्हियातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट, आणि ती फार कमी लोक वापरतात. त्यात पर्स्पेक्टिव्ह ग्रिड नावाचं साधन आहे. मैदानावर फक्कीने आखलेल्या बॉक्सचे चार कोपरे त्या ग्रिडला जुळवायचे आणि बॉक्स ४०.३२ बाय १६.५ मीटर आहे हे सांगायचं. मग जमिनीवरच्या दोन पायांमधलं अंतर ते मीटरमध्ये दाखवतं. अटी दोन: कॅमेरा जागचा हललेला नसावा आणि बॉक्स मापाने आखलेला असावा. मुलांच्या मैदानांवर दुसरी अट नेहमी पूर्ण होत नाही, म्हणून मी आधी टेप घेऊन बॉक्स मोजतो. ‘लांब उभा होतास’ आणि ‘चेंडू सुटला तेव्हा तू पाच मीटरवर होतास’ या दोन वाक्यांचा मुलावर होणारा परिणाम फार वेगळा आहे. पहिल्यावर तो वाद घालतो, दुसऱ्यावर पुढच्या सरावात जवळ उभा राहतो.

ऑफसाईड (पास सुटताना फॉरवर्ड बचावफळीच्या पुढे होता का) मात्र यावरून ठरवू नका. मोबाइल सेकंदाला ३० फ्रेम घेत असेल आणि मुलगा सेकंदाला सात मीटर धावत असेल, तर दोन फ्रेमच्या मध्ये तो वीसेक सेंटीमीटर पुढे गेलेला असतो. रेफ्रीशी भांडायला हा व्हिडिओ पुरावा नाही, आणि मुलांना तसं भांडायला शिकवूही नये.

त्रासाच्या गोष्टीही आहेत. पूर्ण सामन्याची फाइल मोठी असते, म्हणून मी गोलच्या आधीचं अर्धं मिनिट आणि नंतरचे काही सेकंद एवढाच तुकडा कापून ठेवतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की व्हिडिओ दाबला जातो आणि बाणांच्या टोकाला कोण आहे ते कळत नाही. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा लॅपटॉपवरच दाखवा. प्रत्येक खेळाडूवर खूण हातानेच करावी लागते. सराव झाला की एका गोलाला साधारण अर्धा तास लागतो, सुरुवातीला बराच जास्त. मोबाइल-मॅकवाल्यांना किनोव्हिया थेट चालत नाही. ज्यांना प्रत्येक पास, प्रत्येक टॅकल मोजायचा आहे, त्यांनी दुसरं साधन बघावं.

मुलांसमोर क्लिप कशी ठेवायची याबद्दल माझं मत ठाम आहे. ज्याच्याकडून चूक झाली त्याला आधी एकट्याला दाखवायची, आणि त्याने स्वतः फ्रेम थांबवावी म्हणून माऊस त्याच्या हातात द्यायचा. गटात दाखवताना नाव घ्यायचं नाही, जागा सांगायची: ‘इथे सहा नंबर कुठे हवा होता?’ आमचा गोलकीपर पूर्वी गोल झाला की मान खाली घालून चालायला लागायचा. आता तो स्वतः येऊन सांगतो की थ्रो-इन बघा, तिथे मिडफिल्डर मागे नव्हता. बहुतेक वेळा त्याचं बरोबर असतं. कधीकधी त्याचीच चूक असते, आणि तीही तो त्या फ्रेमवर दाखवतो: पाय जमिनीला चिकटलेले, वजन टाचेवर.

सुब्रतो करंडक या शालेय फुटबॉल स्पर्धेच्या जिल्हा फेऱ्या पुढच्या वर्षी पुन्हा पावसाळ्यात येतील आणि गोलसमोर काळ्या मातीचा चिखल असेल. चिखलात चेंडू थांबतो, बॅक पास अर्ध्यात अडकतो, तेव्हा ‘मागे खेळा’ हा आमचा नियम तिथे चालणार नाही. त्यासाठी या वर्षीच्या ओल्या मैदानावरच्या क्लिप मी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवल्या आहेत. सुट्टीच्या सरावात त्यांच्यापासूनच सुरुवात करणार आहे.