जुन्या हत्यारांवरचा हलका गंज: तेल की लिंबूसत्व?

वागळे इस्टेटमधल्या जुन्या कारागिराची पेटी हाती आली की रंध्याचं पातं, पटाशी, पाना, सगळ्यांवर लालसर पूड बसलेली असते. ठाण्यात खाडीची दमट हवा आणि वर चार महिने पाऊस, दुसरं काय होणार! संग्रहात ठेवायची वस्तू असेल तर माझं मत तेलाकडे, आणि तेही घाई न करता.

शिवणमशीनचं तेल लावून रात्रभर ठेवा, मग 0000 नंबरच्या, म्हणजे सगळ्यात बारीक, स्टील वूलने हलक्या हाताने घासा. भांड्याची तारेची घासणी नको, ओरखडे उठतात. तेल तपकिरी झालं की पुसायचं, नवं लावायचं. लाल थर जातो, खालचा निळसर-काळा टिकतो. जाणकार पैसे मोजतात ते त्याचेच. पटाशीच्या गळ्याजवळ ‘शेफील्ड’चा (पोलादी हत्यारांसाठी नावाजलेलं इंग्लंडमधलं शहर) पुसट छाप असेल तर तिथे नुसतं सुती फडकं फिरवा. ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून बसलात तर अक्षरंही गेली आणि किंमतही.

लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक आम्ल, कमी कष्टात काम करतं. लिटरभर पाण्यात 50 ग्रॅम, आणि अर्ध्या-अर्ध्या तासाने बघत राहायचं. खाचाखोचांतला गंज, जिथे वूल पोचत नाही, तो सुटतो. पण तो काळा थरही त्याच्यासोबत जातो आणि लोखंड एकसारखं राखाडी दिसू लागतं. निकेलचा मुलामा किंवा लाकडी मूठ असलेलं हत्यार त्यात बुडवूच नका. बाहेर काढल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात खळबळा, लगेच हेअर ड्रायरने वाळवा, तेल लावा. जुलैत तर पुसता पुसता नवा गंज धरतो, त्यामुळे हा उद्योग हिवाळ्यातच. कानशीला मात्र मी आम्लच देईन: दातांतला गंज तेलाने निघत नाही, आणि आम्लाने दातांना थोडी धारही येते.

व्हिनेगरही त्याच जातीचं, फक्त घरभर वास. काही जण त्यात मीठ टाकतात. ते नीट धुतलं गेलं नाही तर गंज दुप्पट जोमाने परततो.

धुण्याचा सोडा आणि बॅटरी चार्जर लावून विजेने गंज काढणं जाड थरासाठी ठीक. त्यात पेट घेणारा हायड्रोजन सुटतो, शिवाय दुसऱ्या टोकाला स्टेनलेस स्टील लावलं तर पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. हलक्या गंजासाठी फ्लॅटच्या बंद बाल्कनीत एवढा खटाटोप कशाला?

हत्यारं रोज वापरायची असतील आणि दहा-बारा पाने एकदम साफ करायचे असतील, तर बिनधास्त लिंबूसत्व घ्या.