शेतातल्या गारगोटीचा हार: संभाजीनगरच्या ताईंकडून करून घेतला, त्याबद्दल

आपल्याकडं दागिना म्हणलं की पहिला प्रश्न, मोड किती येईल? आणि तो प्रश्न चुकीचा नाहीच. मराठवाड्यात पावसानं दडी मारली की बाईच्या अंगावरचं गहाण पडतं, त्यातून बियाणं येतं, पोरांची फी भरली जाते, हे आपण सगळ्यांनी घरात नाहीतर शेजारी बघितलेलं आहे. म्हणूनच आमच्या सासूबाई कायम सांगतात, एकदाणी घे, पाटल्या घे, पण खड्यात पैसा घालू नको, मोडताना सोनार खडे काढून हातात देतो आणि वजन नुसतं सोन्याचं धरतो. खरंय त्यांचं. तरी मी जो हार करून घेतलाय त्याला मोड म्हणून फार काही येणार नाही, दिवाळीपासून वापरायले आणि माझ्या मते पैसे वसूल आहेत. कसे ते सविस्तर लिहिते, कारण असल्या कामाबद्दल आपल्याकडं कुणी नीट लिहितच नाही, फोटोला हार्ट टाकतात आणि किंमत ऐकली की गप.

हार करणाऱ्या ह्या ताई जवळपास एकट्याच काम करतात. दुकान नाही, बोर्ड नाही, सिडकोत घराच्या वरच्या मजल्यावर एक खोली, तिथंच सगळं. नाव-नंबर इथं टाकू नका असं त्यांनीच सांगितलं, कारण महिन्याला मोजकेच पीस होतात आणि आहेत त्याच ऑर्डरी उरकत नाहीत. ज्यांना पाहिजे त्या बायका एकमेकींना विचारत पोचतातच. एक सोनारकाका अर्धा दिवस येतात, तार ओढायचं आणि डाख लावायचं काम त्यांचं, बाकी डिझाईन, पत्रा कापणं, ठोकणं, कडा घासणं सगळं ताई स्वतः. साचा नाही. एक साचा करून त्यातून शंभर नग काढायचे असला प्रकारच नाही, एक पीस झाला की तसाच दुसरा होत नाही आणि मागितला तरी त्या करून देत नाहीत. त्या ह्याला वेअरेबल आर्ट म्हणतात, आमच्या जाऊबाई म्हणल्या म्हणजे अंगावर घालायचं चित्र का, तर हौ, तसंच.

चांदी ९२५ ची असते, म्हणजे ९२.५ टक्के चांदी आणि बाकी बहुतेक तांबं, कारण निव्वळ चांदी इतकी मऊ की रोजच्या वापरात वाकते. काही पीस पितळेचे आहेत, ते बरेच स्वस्त पडतात. पण खरी गोष्ट आहे खड्यांची.

बाहेरचे खडे त्या अगदी क्वचित वापरतात. बहुतेक सगळ्यात आपल्या मातीतली गारगोटी. ज्यांचं शेत आहे त्यांना सांगायला नको, नांगरट झाली की ढेकळांसोबत पांढऱ्या, करड्या, तांबूस गारा वर येतात, लहानपणी अंधाऱ्या खोलीत दोन गारा एकमेकींवर घासून उजेड काढायचो आणि तो जळका वास यायचा, तीच ही. आपला हा सगळा पट्टा लाव्हाच्या काळ्या दगडाचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तो लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या आणि पुढं पाण्यासोबत झिरपत आलेल्या सिलिकानं त्या थरावर थर देत भरून काढल्या, म्हणून कापल्यावर आत पट्टे दिसतात. पट्टेवाली असली की तिला अकीक म्हणतात. लोहाचा अंश असला की तांबडी निघते. आणि कडक किती, तर मोहस् स्केलवर ७ च्या आसपास, साध्या सुरीच्या टोकानं ओरखडा येत नाही. बाजारात गडद निळा, गुलाबी, भडक हिरवा अकीक मिळतो ना, तो बहुतेक रंगवलेला असतो, उन्हात ठेवला की त्यातले काही रंग उतरतात. ताईंकडं तसला एकही नाही, सगळे रंग मातीचे, करडा, दुधी, मधाचा, विटकरी. ज्यांना चमचम पाहिजे त्यांनी तिकडं जाऊच नये, निराश व्हाल.

आणि हे काही आत्ताचं फॅड नाही. दोन हजार वर्षांपूर्वी, पहिल्या शतकात, एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहून ठेवलंय की पैठणहून असे दगड आणि तेरहून कापड गाड्यांमध्ये भरून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून गुजरातेतल्या भडोचच्या बंदरावर येतं. तेरला सापडलेल्या जुन्या वस्तूंचं तिथलं लामतुरे संग्रहालय ज्यांनी बघितलं नसेल त्यांनी धाराशिवकडं गेल्यावर वाट वाकडी करून बघा. भोकरदनला १९७३ साली उत्खनन झालं त्यातही मणी निघाले. म्हणजे सातवाहनांच्या काळात आपल्या बायका हेच दगड गळ्यात घालत होत्या आणि आपण आज तेच बांधावर फेकून देतो, नांगराला आडवे येतात म्हणून. ताईंचं सगळं काम मला ह्या एका गोष्टीसाठी मोठं वाटतं.

माझं माहेर भोकरदनकडचं. ताई स्वतःचा दगड आणला तर घेतात असं कळल्यावर मी भावाला सांगून शेतातल्या गारा मागवल्या, त्यानं पिशवी भरून पाठवल्या. ताईंनी एकेक गार मोबाईलच्या टॉर्चवर धरून बघितली आणि अर्ध्याहून जास्त बाजूला काढल्या. म्हणल्या, "ताई, हिच्यात चीर आहे, घासताना उडेल, आणि ही वरून छान दिसायली पण आत पोकळ आहे." मला जी सगळ्यात आवडली होती तीच त्यांनी बाद केली, वाईट वाटलं, पण टॉर्चवर मलाही चीर स्पष्ट दिसली. कुणी दुसरं असतं तर माझ्या समाधानासाठी तीच बसवून दिली असती. निवडलेल्या गारा कापायला आणि भोकं पाडायला गुजरातेत खंबातला जातात, तिथं अकीकाचे पिढीजात कारागीर आहेत, त्यामुळं वेळ लागतो हे आधीच धरून चला.

आता हार. पाच खडे, मधला सुपारीपेक्षा थोडा मोठा, बाकीचे उतरत्या मापाचे, आणि एकाही खड्याला जबरदस्तीनं गोल केलेलं नाही, गारेचा जो आकार होता त्याच्या जवळपास ठेवलाय आणि कोंदण त्या आकाराला वाकवून घेतलंय. मधल्या खड्यात विटकरी पट्टा तिरका जातो, तर चांदीची तारही त्याच तिरकेपणानं पुढच्या कोंदणापर्यंत नेलीये, म्हणजे दगडातली रेघ धातूत चालू राहते. हे मला पहिल्या दिवशी दिसलंच नव्हतं, भाचीनं दाखवलं. कोंदणं मागून उघडी आहेत, त्यामुळं उजेड आरपार येतो आणि वजनही कमी होतं. दागिना उलटा करून बघायची सवय लावा, समोरून सगळेच छान दिसतात. ह्याची मागची बाजू समोरच्याइतकीच घासलेली आहे, डाखाचा गोळा कुठं राहिलेला नाही, साडीचा धागा अडकत नाही. काठपदराची पैठणी नेसून घातलाय, कॉटनच्या कुर्त्यावर शाळेत पण घालून जाते. कुठंच आगाऊ वाटत नाही.

मागची दोरी तांड्यावरच्या बंजारा बायकांकडून विणून घेतात, कवड्या आणि गोंडेवाली, त्याचे पैसे त्यांना दोरीमागं रोख मिळतात. त्या बायकांच्या घुगरी-टोपली ह्या पारंपरिक दागिन्यांची नक्कल करून ताई विकत नाहीत, फक्त दोरीचं काम त्यांच्या हातचं. हे मला पटलं.

बाकी तिथं काय काय बघितलं तेही सांगते. अजिंठ्याच्या एक नंबरच्या लेण्यातल्या पद्मपाणीच्या गळ्यात मोत्यांचा सर आहे, त्यावरून केलेला एक हार होता, बारीक मोत्यांचे पीळ आणि मध्ये निळा खडा. अजिंठा म्हणलं की सगळे पद्मपाणीचा चेहरा छापून मोकळे होतात, ह्यांनी चेहरा सोडून त्याच्या अंगावरचा दागिना उचलला, ही नजर वेगळी आहे. परवडला असता तर घेतला असता. अजिंठा-वेरूळला फेरीवाल्यांकडं जे स्फटिक मिळतात, हिरवट, पांढरे, गुलाबी, ते झिओलाईट आणि त्यांच्यासोबत सापडणारे अपोफिलाईट, दिसायला फार सुंदर पण मऊ, त्याची अंगठी ताई करतच नाहीत, भांडी घासताना एका आठवड्यात वाट लागेल म्हणल्या. पेंडंट मात्र करून देतात. हिमरूच्या तुकड्यांची कानातली मला नाही पटली. कापड सुंदर आहे, पण कडा उघड्या आहेत आणि आपल्याकडच्या मे महिन्यात घामानं त्या मळणारच. उन्हाळ्यात घालू नका असं ताई स्वतः सांगतात, मग आपल्याकडं उन्हाळा सोडून उरतं किती?

किंमत. हार तेव्हाच्या चांदीच्या भावानं ७,८०० ला पडला. कागदावर लिहून मिळालं, चांदी ३८ ग्रॅम, खड्यांची कटाई, दोरी, मजुरी, सगळं वेगवेगळं. मजुरी चांदीपेक्षा जास्त आहे आणि त्या ती लपवत नाहीत. पितळेची कानातली तेव्हा ९०० पासून होती. घासाघीस करू नका, होत नाही. मला विचाराल तर हे पैसे सोन्याच्या पैशातून काढायचे नाहीत, अडीनडीला सोनंच उभं राहतं. साडीचे पैसे असतात ना आपले, सणाला एक घेतो आणि दोनदा नेसून कपाटात ठेवतो, त्यातून काढा. इमिटेशनचे सेट घेऊन घेऊन माझ्या बहिणीच्या मानेला चट्टे आले, त्यातल्या निकेलचा त्रास बऱ्याच जणींना होतो, तिला ताईंची चांदीची कानातली अजून तरी लागली नाहीत.

तक्रारी पण आहेत. दिलेली तारीख पाळली जात नाही, लग्नकार्यासाठी पाहिजे असेल तर दोन महिने आधी सांगा आणि मध्ये मध्ये फोन करत रहा, मेसेजला उत्तर उशिरा येतं. कानातल्यांच्या मोठ्या डिझाईनला साधे हुक आहेत, त्या वजनाला फिरकीच पाहिजे, मी सांगितल्यावर बदलून दिली पण मुळातच असायला हवी होती. माझ्या हाराचा फासा थोड्या दिवसांत सैल झाला, तो फुकट करून दिला, मात्र त्यासाठी संभाजीनगरला जावं लागलं, परभणीहून म्हणजे अख्खा दिवस गेला. पितळेच्या पीसनं घामात मानेवर हिरवट डाग पडतो, तो धुतला की जातो.

चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकानं, त्यात फसवणूक काही नसते. काही पीस तर मुद्दामच काळे केलेले आहेत, खाचा उठून दिसाव्यात म्हणून, ते चिंचेनं किंवा टूथपेस्टनं घासू नका, केलेलं कामच जाईल. पातळ साबणाचं पाणी, मऊ ब्रश, कोरडं करून झिपच्या पिशवीत. देवघरातली भांडी घासायच्या हातानं हे घासायचं नाही, एवढं आमच्या घरी मी सगळ्यांना सांगून ठेवलंय.

सासूबाईंनी हार हातात घेऊन वजन बघितलं, उलटा केला, दोरी बघितली आणि विचारलं, "आपल्या शेतात पण आसत्याल की आसल्या?" पाथरीकडच्या आमच्या शेतात आहेतच. आता भाचीच्या लग्नासाठी त्याच गारांची बुगडी आणि अंगठी सांगितलीये, खडे खंबातला गेलेत, फिरकी पक्की करा हे ह्यावेळी आधीच लिहून दिलंय. आली की फोटो टाकते.